उंचीचे भय आणि कड्यावरची वाट



ताप आला, पाय मुरगळला किंवा डोळ्यांस कमी दिसू लागले, तर ते आपण शेजाऱ्यास निःसंकोच सांगतो. परंतु, “मला उंचावर गेले की भीती वाटते,” असे बोलण्यास चांगला कर्ता पुरुषही कचरतो. लोक हसतील, असे त्यास वाटते. मग तो काही ना काही निमित्त काढून ती जागा टाळतो, आणि त्याचे निमित्त खरे मानून घरची माणसे भलताच समज करून घेतात. अशा एका लपविलेल्या भयाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्याची ती आहे, त्याच्या परवानगीनेच ठेवीत आहोत.

आमच्या बहिणीचा थोरला मुलगा अमेरिकेत अॅरिझोना राज्यातील फीनिक्स शहरी नोकरीस आहे. २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात त्याच्याकडे काही दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. त्याच्या घरापासून एका दिवसाच्या वाटेवर जगातील लोक पाहावयास येतात अशा खोल दऱ्या आहेत. पण आठ वर्षांत त्याने मुलांना त्या दाखविल्या नव्हत्या. दोनदा बेत ठरला आणि दोनदा कचेरीच्या कामामुळे मोडला. “बाबांना आमच्याबरोबर यावेसेच वाटत नाही,” असे त्याची नऊ वर्षांची लेक आमच्या देखत म्हणाली, तेव्हा त्याने मान खाली घातली. त्याच रात्री तो आमच्या खोलीत येऊन म्हणाला, “मामा, तुम्ही आणि मी दोघेच जाऊन येऊ. मुलांना न्यायच्या आधी मला एकदा तो रस्ता बघायचा आहे.” रस्ता का बघायचा, हे त्याने सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही.

पहिल्या दिवशी आम्ही ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर पोहोचलो. कोलोरॅडो नदीने लक्षावधी वर्षे खडक कापून केलेली ही दरी सुमारे ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. काठावरून पूर्वेकडे सुमारे ४० किलोमीटरचा एक सुरेख रस्ता जातो. ह्या रस्त्याने भाचा निर्धास्त गाडी चालवीत होता. एक तर दोन्ही बाजूंस पाइन वृक्षांची दाटी होती. दुसरे असे की, त्या देशात वाहने उजव्या बाजूने चालतात आणि पूर्वेकडे जाताना दरी डाव्या हातास राहते. त्यामुळे आमची गाडी दरीपासून दूरच्या अंगाने जात होती. मात्र दरी पाहण्यासाठी जेथे जेथे थांबलो, तेथे तेथे तो कठड्यापासून दहा पावले मागेच राहिला. खरे सांगावयाचे तर, कठड्यापाशी आमचेही पाय जड झाले होते.

ह्याच दरीशी निगडित एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. एलिनॉर गिब्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाई आपल्या लहान मुलासह ग्रँड कॅन्यनच्या काठी गेल्या असता, मूल कड्यावरून खाली पडेल की काय, अशी चिंता त्यांस वाटली, असे सांगतात. पुढे त्यांनी रिचर्ड वॉक ह्या सहकाऱ्याबरोबर एक प्रयोग केला व तो १९६० साली प्रसिद्ध झाला. एका मोठ्या मेजावर जाड काच बसवून तिच्या अर्ध्या भागाखाली लगेच चौकटीचे कापड लावले आणि उरलेल्या भागाखाली ते खूप खोल ठेवले. मधल्या फळीवर सहा ते चौदा महिन्यांची ३६ मुले एकामागून एक ठेवून आईने दोन्ही बाजूंनी हाक मारली. त्यांपैकी २७ मुले फळी सोडून रांगत उथळ बाजूस गेली. खोल दिसणाऱ्या बाजूच्या काचेवर फक्त तीनच गेली. ज्या लेकरास अद्याप चालताही येत नाही, तेही खोल जागेपुढे थबकते! तर मग हे भय म्हणजे भ्याडपणा नव्हे. ते आपल्या राखणीस बसलेले आहे.

ही राखण काहींच्या बाबतीत फार कडक असते, एवढेच. जर्मनीतील मज्जातंतुतज्ज्ञ थॉमस ब्रांट ह्यांनी ह्याचे एक कारण दाखवून दिले आहे. आपण उभे असतो तेव्हा देह अगदी निश्चल नसतो. तो किंचित झुलत असतो. जवळच्या झाडावरून, भिंतीवरून डोळे ते झुलणे ओळखतात आणि तोल सावरला जातो. समोर दूरवर पोकळीच असली, तर डोळ्यांस हा आधार मिळत नाही व मन धोक्याची सूचना देऊ लागते. गाडीत बसलेल्या माणसाचा तोल जाण्याचे कारण नसते, तथापि मनास ती सूचना मिळतेच. अशी अस्वस्थता किती जणांस होते? ब्रांट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या जर्मनीतील पाहणीत, शंभरांपैकी सुमारे २८ जणांनी आपणांस आयुष्यात केव्हा ना केव्हा ती झाल्याचे सांगितले. आमचा भाचा मात्र आपण एकटेच असे आहोत, ह्या समजुतीत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही युटा राज्यात शिरलो. मेक्सिकन हॅट नावाच्या लहानशा गावापलीकडे एक रस्ता सरळ एका तांबड्या कड्याकडे जातो. दुरून पाहणाऱ्यास वाटावे की, रस्ता कड्याला आपटून संपतो. जवळ गेल्यावर दिसते की, तो त्याच कड्यावर वळणे घेत सुमारे अकराशे फूट चढला आहे. ह्या चढणीस ‘मोकी डगवे’ म्हणतात. १९५८ साली एका खाण कंपनीने युरेनियमचे अशुद्ध धातुक खाली गिरणीकडे आणण्यासाठी ही वाट खोदली. सुमारे पाच किलोमीटरचा हा तुकडा आजही डांबरी नाही, खडीचा आहे. चढ तीव्र, वळणे आखूड आणि बाहेरच्या अंगाला कठडा नाही. पायथ्याशी वाहनचालकांस इशारा देणारी पाटी आहे.

त्या पाटीपाशी भाच्याने गाडी बाजूस घेऊन थांबविली. चक्रावरचे त्याचे हात ओले झाले होते. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, मला हे जमणार नाही. कचेरीचे काम वगैरे सगळे खोटे होते. मला भीती वाटते. बायकोलासुद्धा सांगितले नाही.”

आम्ही म्हणालो, “अरे, मग सांगून टाकलेस ते बरे केलेस. मलाही वाटते. लहानपणी चर्चच्या मनोऱ्यावर घंटा वाजवायला चढलो आणि उतरताना असा रडलो की, शेवटी तुझ्या आजोबांना वर यावे लागले.”

तो एकदम हसला. आमच्या रडण्याची ही हकीकत त्याच्या आईने त्याला कधी सांगितली नव्हती. मग आम्ही नकाशा उघडला. ब्लफ व ब्लँडिंग ह्या गावांवरून वळसा घालून जाणारा रुंद डांबरी रस्ता त्यात होता. तासाभराचा अधिक प्रवास पडणार होता, एवढेच. आम्ही गाडी वळविली. ह्याला कोणी माघार म्हणेल. परंतु हात थरथरत असताना खडीच्या चढणीवर गाडी घालणे हे धैर्य नव्हे, अविचार आहे. समोरून येणाऱ्या दुसऱ्याच्या लेकरांचाही त्यात प्रश्न असतो.

त्या रात्री मुक्कामावर आम्ही दोघांनी बसून पुढील वाटेचा विचार केला. पुढे बोल्डर व एस्कलांटे ह्या दोन गावांच्या मध्ये ‘हॉगबॅक’ नावाचा भाग लागणार होता. तेथे रस्ता खडकाच्या एका अरुंद कण्यावरून जातो आणि दोन्ही बाजूंस जमीन खोल उतरत जाते. कोणत्याही दिशेने गेले तरी दरी टळत नाही. पण रस्ता पक्का डांबरी आहे. भाचा म्हणाला, “हा मी करीन, पण नीट ठरवून करीन.” मग आम्ही ठरविले ते असे. सकाळी, उन्हाची तिरीप डोळ्यांवर नसताना निघावयाचे. नजर दरीत टाकावयाची नाही. पुढच्या वळणावर ठेवावयाची, कारण जिकडे डोळे जातात तिकडे हात नकळत गाडी नेतात. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावयाची, म्हणजे ब्रेक सतत दाबून ते तापत नाहीत. मागून कोणी घाई केली, तर थांबण्याच्या जागी बाजूस होऊन त्यास जाऊ द्यावयाचे. लाजेखातर वेग वाढवावयाचा नाही. दृश्य पाहावयाचे ते गाडी उभी करूनच. छाती धडधडू लागली तर, “आता धडधडते आहे,” असे मोठ्याने म्हणावयाचे. ह्याखेरीज पाण्याचे दोन मोठे डबे आणि भरलेली पेट्रोलची टाकी हे तर त्या ओसाड मुलखात हवेच.

दुसऱ्या दिवशी टोरी गावापासून निघालो. हा युटाचा बारा क्रमांकाचा रस्ता सुमारे १९८ किलोमीटर लांब आहे. प्रथम तो बोल्डर पर्वतावर नऊ हजार सहाशे फुटांपर्यंत चढतो. तेथे झाडी असल्याने भीती वाटली नाही. बोल्डर गाव मागे पडले आणि थोड्याच वेळात झाडे संपली, उजवी-डावीकडील जमीन संपली आणि पुढे फक्त रस्ता तेवढा उरला. पांढरट, पिवळसर खडकांचे गोठलेले समुद्र दोन्हीकडे खाली पसरले होते. भाचा मोठ्याने म्हणाला, “मामा, धडधडते आहे.” आम्ही म्हणालो, “इकडेही.” तो म्हणाला, “पुढचे वळण डावीकडे.” आम्ही म्हणालो, “डावीकडे.” अशा रीतीने, एखादा धडा म्हणून दाखवावा तसे वळणांमागून वळण मोजीत आम्ही चाललो. मागची एक मोटार आमच्या संथपणास कंटाळली होती. थांब्याची जागा येताच त्याने तिला वाट दिली. तिच्या चालकाने हात हलवून आभार मानले. काही वेळाने रस्ता खाली उतरला, ओढ्याकाठची हिरवी झाडे दिसली आणि भाच्याने गाडी थांबवून डोके चक्रावर टेकविले. भय गेले होते काय? मुळीच नाही. ते गाडीतच होते. पण गाडी त्याच्या हाती नव्हती.

ह्या वाटेचा इतिहासही मनास लावून घेण्यासारखा आहे. बोल्डर गावास पूर्वी टपाल खेचरांच्या पाठीवरून येत असे. १९३३ साली अमेरिकेत मोठी बेकारी असताना सरकारने ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोर’ नावाची संघटना उभारून गरीब घरच्या तरुणांस रस्ते, पूल व वनांच्या कामास लाविले. महिना तीस डॉलर मजुरी; त्यांतले सुमारे पंचवीस घरी आईबापांकडे जात. त्या मुलांनी ह्या खडकांतून वाट काढली आणि १९४० साली बोल्डर गावास बारमाही रस्ता मिळाला. शेजारच्या कोलोरॅडो राज्यात अशाच एका कड्यावरच्या रस्त्याचे काम चालू असताना डिसेंबर १९३३ मध्ये खडक कोसळून नऊ मजूर ठार झाले. आपण ज्या रस्त्यावर मोटारीत बसूनही घाबरतो, तेथे हातात पहार घेऊन उभे राहणाऱ्यांस भय वाटले नसेल काय? घरी पंचवीस डॉलर पोहोचावयाचे होते, म्हणून ते उभे राहिले.

शेवटच्या दिवशी झायन दरीत उतरलो. तेथे १९३० साली खुला झालेला, सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबीचा बोगदा कड्याच्या पोटातून जातो. कड्याच्या बाजूस त्यास मोठ्या खिडक्या ठेवल्या आहेत. अंधारातून जाताना क्षणभर उजेड व समोरचे तांबडे डोंगर दिसतात. आत गाडी थांबविण्यास मनाई आहे. बोगदा संपताच रस्ता वळणे घेत दरीत उतरतो. तेथे भाच्याने वळणे मोठ्याने मोजली नाहीत. तो शीळ घालीत होता.

घरी परतल्यावर त्याने पत्नीस सर्व काही सांगितले. ती रागावेल, असे त्यास वाटत होते. ती एवढेच म्हणाली, “अहो, मग आधी का नाही सांगितलेत? अवघड तुकडा मी चालवीन.” पुढील वर्षीच्या मे महिन्यात ते चौघे त्या वाटेने जाऊन आले. हॉगबॅकवर चक्र तिच्या हाती होते, तो शेजारी बसला होता आणि मागून लेक मोठ्याने वळणे सांगत होती. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. हे तिने स्वतः आम्हांस दूरध्वनीवर सांगितले. “बाबा घाबरतात, पण येतात,” असे ती म्हणाली.

वाचकहो, आपल्यापैकी बरेच जण चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटाने येजा करतात. तेथे दाट झाडी दरी झाकून ठेवते. म्हणून पुष्कळांस आपले भय ठाऊकही नसते. ज्यांस ते ठाऊक आहे, त्यांनी ते निदान घरच्या एका माणसास सांगावे. घाटात गाडी हाकणाऱ्यास कोणी “अरे, सावकाश घे,” असे म्हटले, तर त्यास हसू नये; त्याचे ऐकावे. आणि आपल्या घरचे कोणी एखाद्या ठिकाणी येण्याचे वारंवार टाळीत असेल, तर त्यास आपली माया नाही, असे समजण्यापूर्वी एकदा शेजारी बसून विचारावे. उत्तर कदाचित एवढेच असेल की, त्यास भीती वाटते आणि बरोबर कोणीतरी हवे आहे.