पाट मांडला, पान वाढले नाही!

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबातील मुलगा वा मुलगी नोकरीनिमित्त परदेशी गेली की पहिल्या आठवड्यातील दूरध्वनीवरचे संभाषण बहुतेक घरांत सारखेच असते. घर मिळाले का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी संपतो. त्यानंतरचे प्रश्न अधिक जिव्हाळ्याचे असतात. तूरडाळ कुठे मिळते? पोहे मिळतात का? दुकानापर्यंत बस जाते की पायपीट करावी लागते? आईने निघताना बॅगेत कोंबलेले मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि गोडा मसाला किती दिवस पुरेल, याचा हिशोब समुद्राच्या दोन्ही तीरांवर चाललेला असतो. मग तिथला कोणी जुनाजाणता मराठी माणूस एखाद्या शनिवारी नवख्याला आपल्या गाडीतून भारतीय किराणा दुकानात नेतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे, त्यामागेही आपल्या माणसांची आणि आपल्या पानातल्या घासाची हीच ओढ आहे. या ओढीला कोणी हसत नाही आणि हसूही नये. परमुलखात माणूस चार भिंतींनी स्थिरावत नाही. ओळखीचे दुकान, ओळखीचे अन्न आणि जाण्या-येण्याची मोकळीक या तीन गोष्टींनी तो स्थिरावतो.

हीच मोजपट्टी आपल्या अंगणात आश्रयाला आलेल्या माणसाला लावून पाहण्याचे धैर्य महाराष्ट्राने दाखवले आहे काय?

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगड परिसरात, इटियाडोह धरणापासून जवळच ‘नोर्ग्येलिंग’ नावाची तिबेटी वसाहत आहे. ती १९७२ मध्ये वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण तिबेटी समाजात ही वसाहत आजही ‘भंडारा’ याच नावाने ओळखली जाते. समृद्धी वाढणारे स्थान, असा तिच्या नावाचा आशय. अर्ध्या शतकाहून अधिक काळ हे लोक महाराष्ट्रात राहत आहेत. त्यांची येथे जन्मलेली मुले आता स्वतः आई-वडील झाली आहेत. तरीही गोंदिया आणि नागपूर शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना विचारावे, तिबेटी वसाहत कुठे आहे? उत्तर येते, धर्मशाळेला. फार तर कर्नाटकातील बायलकुप्पे. आपल्याच झाडीपट्टीत तिबेटचा एक तुकडा श्वास घेत आहे, याची वार्ताही अनेकांना नसते.

हे लोक येथे हौसेने आले नाहीत. चिनी सैन्य तिबेटात शिरत असताना सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० च्या पत्रात पंडित नेहरूंना उत्तर सीमेवरील धोक्याची स्पष्ट जाणीव करून दिली होती. तरीही २९ एप्रिल १९५४ च्या करारात भारताने ‘चीनचा तिबेट प्रदेश’ हे शब्द मान्य केले. त्याच वर्षी राज्यसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या धोरणावर कठोर टीका केली. मार्च १९५९ मध्ये दलाई लामांना ल्हासा सोडावे लागले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी हिमालय ओलांडून भारतात आले. कर्नाटकात बायलकुप्पे व मुंडगोड, छत्तीसगडात मैनपाट, ओडिशात चंद्रगिरी आणि महाराष्ट्रात गोठणगाव अशा वसाहती उभ्या राहिल्या. केंद्राने पुढाकार घेतला, राज्यांनी जमीन दिली. हे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे. पण श्रेयाची बेरीज तिथेच संपते.

कारण जमीन देणे म्हणजे पाट मांडणे. पान वाढणे ही गोष्ट निराळी.

हा पाट कोणासाठी आणि कुठे मांडला, ते पाहावे. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या आसपास उंचीवर राहणारा, भाजलेल्या सातूचे पीठ म्हणजे ‘त्साम्पा’ खाणारा, लोणी-मिठाचा चहा पिणारा हा माणूस. त्याला मिळाली धानाच्या बांध्यांची, हिवतापाची आणि वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांकडे नेणारी भूमी. येथे ना सातू पिकत, ना याक जगत. बाजारात तांदूळ, लाखोरी आणि जवस. सातूचे पीठ मराठी आजीबाईंनाही परिचित आहे. पण अर्जुनीच्या आठवडी बाजारात १९७२ साली आलेल्या एखाद्या तिबेटी वृद्धेने ते कोणाला आणि कोणत्या भाषेत मागायचे?

याच तालुक्यातील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. पूर्व पाकिस्तानातून उखडले गेलेले बंगाली हिंदू निर्वासितही येथे वसवले गेले. अरुणनगर ही त्यांचीच वस्ती. त्यांची दुःखे कमी नव्हती आणि त्यांचे प्रश्नही सारे सुटलेले नाहीत. परंतु या भूमीने त्यांना एक गोष्ट न मागता दिली. येथे तांदूळ होता आणि माजी मालगुजारी तलावांत, गावोगावच्या बोड्यांत मासळी होती. परक्या मुलखात त्यांची चूल ओळखीच्या वासाने पेटली. त्यांनी मुळे धरली, त्यात त्या चुलीचाही वाटा आहे. तिबेटी माणसाच्या चुलीला निसर्गाकडून असा आधार मिळाला नाही. जे निसर्गाने दिले नाही ते व्यवस्थेने आणि समाजाने द्यायचे असते. नेमके तेथेच आपण कमी पडलो.

तरीही तिबेटी माणूस रडत बसला नाही. उभ्या जन्मात चिखलणी न पाहिलेल्या हातांनी धानाची रोवणी शिकून घेतली. शेतीवर भागेना तेव्हा देशभरातील तिबेटी वसाहतींप्रमाणे त्याने लोकरी कपड्यांचा हंगामी व्यापार धरला. लुधियानाच्या ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलायचा, दिवाळीच्या आगेमागे शहराच्या पदपथावर वा मैदानात पाल ठोकायचे आणि थंडी ओसरेपर्यंत स्वेटर, शाली, कानटोप्या विकायच्या. थंडी लांबली तर चार पैसे. हिवाळा कोरडा गेला तर डोक्यावर कर्ज. हंगाम आला की वसाहतीतील कर्ती माणसे बाहेर पडतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि मुले. आपल्या घरातील कपाटात त्यांच्याकडून घेतलेला एखादा स्वेटर आजही असेल. आपण त्यांना ‘नेपाळी’ म्हणून हाक मारली, पन्नास रुपयांसाठी घासाघीस केली आणि पुढे गेलो. ‘तुमचे गाव कोणते?’ एवढा एक प्रश्न विचारला असता तर ‘गोठणगाव, जिल्हा गोंदिया’ असे उत्तर येण्याची शक्यता होती!

आता प्रवासाचे पाहू. आपल्याला नागपूरला जायचे तर तिकीट काढले की झाले. तिबेटी शरणार्थ्याकडे मात्र नोंदणी प्रमाणपत्र लागते. मुदत संपली की त्याचे नूतनीकरण. वसाहतीबाहेर दीर्घ मुक्काम करायचा तर त्याची नोंद. १९४६ चा परकीय नागरिकांविषयीचा कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, पण नोंदणीचे बंधन सुटले नाही. जिल्ह्याचे ठिकाण अर्जुनीपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. परदेशी जायचे तर पारपत्राऐवजी पिवळ्या रंगाचे ओळख प्रमाणपत्र. अनेक देशांच्या विमानतळांवरील अधिकारी ते उलटसुलट करून पाहतात आणि तिबेटी प्रवासी अपराध्यासारखा उभा राहतो.

२६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक ठरते, असे आपला नागरिकत्व कायदा सांगतो. तिबेटींनाही तो लागू आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर, २०१७ साली, नोकरशाहीने काय केले? पारपत्र हवे असेल तर नोंदणी प्रमाणपत्र परत करा, वसाहत सोडा, तिबेटी प्रशासनाचे लाभ सोडा, अशा अटी पुढे केल्या. म्हणजे न्यायालयाने दिलेला हक्क घ्यायचा तर म्हाताऱ्या आई-बापांचे घर सोडायचे! ज्याचे घर एकदा चीनने हिरावले, त्याला दुसऱ्यांदा घर सोडण्याची अट भारतातील फाइलीने घालावी, याहून मोठी विटंबना कोणती?

कागदावर चित्र सुंदर आहे. केंद्र सरकारने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. त्यात वसाहतींच्या जमिनीचे दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे आहेत, शासकीय योजनांचे लाभ आहेत, व्यवसायाचे परवाने आहेत. पण धोरण अमलात आणायचे ते राज्यांनी, आणि राज्याच्या वतीने तहसील, पंचायत समिती व नगर परिषदांनी. वसाहतीपर्यंतच्या एस.टी. फेऱ्यांचा आढावा दरवर्षी कोण घेतो? रात्री रेल्वेने उतरलेल्या कुटुंबाने काळी-पिवळी मिळाली नाही तर काय करायचे? हिवाळी बाजाराला हक्काची, वाजवी भाड्याची जागा किती नगर परिषदांनी दिली? हे प्रश्न विचारणारा कोणी नाही, कारण या वसाहतीत मतांचे गठ्ठे नाहीत.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, आमच्याच गोंड-गोवारी बांधवांना, धान उत्पादक शेतकऱ्यांना सोयी नाहीत, तेथे बाहेरच्यांचे लाड कशाला? आक्षेपातील वेदना खरी आहे, निष्कर्ष खोटा आहे. गोठणगावच्या रस्त्यावर धावणारी बस तिबेटी माणसापुरती धावत नाही. त्याच बसने आदिवासी विद्यार्थिनी शाळेत जाते आणि शेतकरी बाजाराला जातो. वसाहतीजवळ दुकाने उभी राहिली तर आसपासच्या गावांनाच गिऱ्हाईक मिळेल. एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याला वाढण्याचा हा प्रश्न नाही.

दुसरा आक्षेप असा की, ते एक दिवस तिबेटला परत जाणार, मग कायमच्या सोयी कशाला? परत जायचे तर तोवर तिबेटी म्हणून टिकायला नको काय? ज्या चुलीवर थुक्पा शिजतो, ज्या घरात लोसारला खापसे तळले जातात, तेथेच तिबेट जिवंत राहतो. ती चूल विझली की चीनचे काम फत्ते झाले.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा. त्याचे उत्तर लडाखने दिले आहे. १९६२ मध्ये उभारलेल्या विशेष सीमा दलात तिबेटी तरुण भारतासाठी शस्त्र धरतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पँगाँग परिसरात सुरुंगाच्या स्फोटात कंपनी लीडर न्यिमा तेन्झिन यांनी प्राण दिले. त्यांच्या शवपेटीवर तिरंगा होता आणि तिबेटचा ध्वजही होता. यापेक्षा आणखी कोणता दाखला हवा?

दूरदेशीच्या युद्धांसाठी मुंबई-पुण्यात मेणबत्त्या पेटवणाऱ्या मानवतावाद्यांना गोठणगाव ठाऊक नसणे समजण्यासारखे आहे. दुरून डोंगर साजरे दिसतात. पण दरवर्षी १० मार्चला तिबेटच्या स्वातंत्र्याच्या घोषणा देणाऱ्या राष्ट्रनिष्ठांचे काय? घोषणा दिल्लीकडे तोंड करून द्यायची आणि आपल्या जिल्ह्यातील तिबेटी शेजाऱ्याच्या दारात पाऊलही टाकायचे नाही, हा दुटप्पीपणा नव्हे काय? नागपूरच्या चौकाचौकांत मोमोच्या गाड्यांभोवती तरुणाईची झुंबड असते. पदार्थ आपला झाला, माणूस मात्र परकाच राहिला.

या उपेक्षेची किंमत मोजली जात आहे. तिबेटी प्रशासनाच्या २००९ च्या लोकसंख्या पाहणीत भारतातील तिबेटींची संख्या ९४,२०३ होती. त्यानंतर ती घटत गेली. तिबेटमधून येणारा ओघ २००८ नंतर चीनने जवळजवळ बंद केला आणि भारतात जन्मलेले तरुण आधी बेंगळुरू-दिल्लीला व मग युरोप-अमेरिकेला जाऊ लागले. तेथे ते नवखे म्हणून उतरतात आणि पहिला प्रश्न विचारतात, आपल्या जेवणाचे सामान कुठे मिळेल? आजोबांनी गोठणगावात विचारलेला प्रश्न नातू परमुलखात विचारतो आहे. पहिले विस्थापन तोफांनी केले. दुसरे आपल्या अनास्थेने चालवले आहे आणि त्याला आवाजही नाही.

हे थांबवण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. नोंदणीच्या नूतनीकरणाचे शिबिर वर्षातून एकदा अर्जुनी मोरगावातच भरावे. विदर्भातील नगर परिषदांनी हिवाळी बाजारासाठी हक्काची जागा ठरवून द्यावी. पारपत्रासाठी घर सोडण्याची अट पुन्हा कोणावर लादली जाणार नाही, हे सरकारने लेखी स्पष्ट करावे. नवेगाव बांधचे अभयारण्य पाहायला जाणाऱ्या कुटुंबांनी वाट थोडी वाकडी करून वसाहतीतही जावे, तेथे चार घास खावेत, चार वस्तू विकत घ्याव्यात. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी येता-जाता या शेजाऱ्यांची विचारपूस करावी आणि लोसारला त्यांच्या घरी पाहुणे म्हणून जावे.

सातासमुद्रापार गेलेल्या आपल्या मुलाला कोणा अनोळखी माणसाने दुकानाची वाट दाखवली, तर त्याचे उपकार आपण जन्मभर विसरत नाही. गोठणगावच्या वाटेवरचा अनोळखी माणूस आपण आहोत. पाट मांडून अर्धशतक उलटले. पाहुणा अजून बसून आहे. तो उठून जाण्याआधी पान वाढा!