झाडाला कल्टार घालावे का?

शाळेच्या आवारातील आंब्याचा शेंडा विजेच्या तारेपर्यंत गेला आहे. गेल्या पालकसभेत यावर चर्चा झाली. एका पालकांनी सुचवले की, दरवर्षी फांद्या तोडत बसण्यापेक्षा बुंध्याशी कल्टार घालावे, म्हणजे झाड वाढणारच नाही. सूचना चांगल्या मनाने केलेली होती, पण मला ती पटली नाही. त्याची कारणे येथे मांडतो.

आधी हे औषध काय करते ते पाहू. विद्यार्थ्यांनीही हे वाचावे, कारण गोष्ट गमतीची आहे. जपानी शेतकऱ्यांच्या भातात काही रोपे एकाएकी उंचच उंच वाढत आणि कोलमडून पडत. कुरोसावा या शास्त्रज्ञाने १९२६ साली दाखवून दिले की, एका बुरशीतून निघणाऱ्या द्रव्यामुळे हे घडते. १९३५ साली त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव मिळाले. पुढे कळले की, झाडे स्वतःही ते तयार करतात आणि त्यामुळेच त्यांची पेरे लांबतात. कल्टारमधील पॅक्लोब्युट्राझोल हे रसायन झाडातील जिबरेलिन तयार होणे रोखते. मग पेरे आखूड राहतात, नवी पालवी कमी फुटते आणि झाड मोहोराकडे वळते.

हापूस एक वर्ष भरपूर धरतो आणि पुढच्या वर्षी रुसतो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. त्यावर उपाय म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या औषधाची शिफारस केली. झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजायचा आणि दर मीटरला ३ मिलिलिटर औषध घ्यायचे. म्हणजे ८ मीटर विस्ताराच्या झाडाला २४ मिलिलिटर. ते पाण्यात मिसळून १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान बुंध्याभोवती खड्डे घेऊन त्यांत ओतायचे. झाड मोठे व निरोगी हवे आणि त्याला खतही नीट मिळायला हवे. असे मापून घातले तर माझी काही तक्रार नाही. कोकणातील कितीतरी बागा त्यावर उभ्या आहेत.

मात्र विस्तार न मोजताच औषध ओतले की पाने झुपक्यात येतात, मोहोर आखूड आणि गच्च होतो, झाड थकत जाते. औषध जमिनीत कित्येक महिने टिकते, त्यामुळे ओतल्यावर परत काढता येत नाही. आपल्यापैकी ज्यांची घराजवळ किंवा गावी चार कलमे आहेत आणि जे ती व्यापाऱ्याला कराराने देतात, त्यांनी एवढे तरी करावे: औषध घालायचे की नाही, किती आणि केव्हा, हे करारात लिहून घ्यावे. व्यापाऱ्याला दोन-तीन हंगामांचे आंबे हवे असतात, झाडाखाली मात्र आपली नातवंडे खेळणार असतात.

आता शाळेच्या झाडाकडे वळू. पहिली गोष्ट, हे औषध पुढची वाढ मंदावते, झालेली उंची कमी करत नाही. तारेला टेकलेला शेंडा तेथेच राहील. अमेरिकेत तारांखालच्या झाडांना हेच रसायन देतात, पण तेथेही छाटणी टळत नाही, फक्त दोन छाटण्यांमधले अंतर वाढते. दुसरी गोष्ट, आपल्या आंब्याच्या सावलीच्या कडेला सहावीच्या मुलांनी भेंडी आणि मेथीचे वाफे केले आहेत. आंब्याची मुळे तेथवर पोहोचलेली आहेत. जमिनीत ओतलेले औषध फक्त आंब्यालाच लागेल आणि भाजीला लागणार नाही, असे कोण सांगणार? मुलांनी पिकवलेली भाजी मुलेच घरी नेतात.

करवत हा जुना उपाय आहे आणि तो महाग नाही. वीज खात्याला रीतसर अर्ज देऊन पुरवठा बंद करून घ्यावा, शाळेला सुट्टी असताना मधली उंच फांदी जाणत्या माणसाकडून काढून घ्यावी. मधली फांदी गेली की आत ऊनही पोहोचते आणि खालच्या फांद्या धरू लागतात. काप तिरका घ्यावा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही, आणि वर बोर्डो पेस्ट लावावी.

विश्वस्त मंडळाने हा विषय पुढच्या सभेत घ्यावा, अशी विनंती. खर्च एका दिवसाच्या मजुरीचा आहे. तो पालकसंघाने उचलावा असे मला वाटते, आणि माझा वाटा मी द्यायला तयार आहे.

— एक पालक, खडोली