उन्हाचा पंचनामा

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात पावसाने पीक झोपवले की तलाठी बांधावर येतो. (त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण बांधावर तो तलाठीच.) गट नंबर, फोटो, नुकसान ३३ टक्क्यांवर आहे का, मग पंचनामा. मदत तोकडी असते, उशिरा येते, पण तिला निदान एक कागद असतो. उन्हाला तोही नाही.

आधी पावसाचेच पाहा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला, तर ती अतिवृष्टी. हा आकडा महावेधच्या स्वयंचलित हवामान केंद्रावरून येतो आणि २०१७ पासून अशी केंद्रे आहेत ती मंडळाला एक. एका मंडळात गावे कितीतरी. भाद्रपदातला वळवासारखा पाऊस तर बैलाचे एक शिंग भिजवतो नि दुसरे कोरडे ठेवतो. केंद्रावर पन्नास मिलिमीटर, आणि चार कोसांवरच्या नाल्याकाठी मात्र माती खरवडून गेलेली. त्या शेतकऱ्याने सोयाबीनची काळी पडलेली शेंग फोडून आतला पांढरा कोंब दाखवला, तरी त्याला आधी विचारतात ते मंडळाचा आकडा काय.

ऑगस्ट २०२५ मध्ये जिल्ह्यात अतिवृष्टीने सोयाबीन पाण्यात गेले. ऑक्टोबरात राज्याने ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात कोरडवाहूला हेक्टरी १८ हजार ५०० रुपये सांगितले गेले. पैकी नेहमीच्या निकषातले ८ हजार ५००, म्हणजे एकरी साडेतीन हजारही नाहीत. बियाण्याची थैली आणि खताचे पोते घेतले की ते संपले. पीकविम्यातून स्थानिक आपत्तीचे आणि काढणीनंतरच्या नुकसानीचे संरक्षण त्याच वर्षीच्या खरिपापासून काढून टाकले होते. शेतात लावलेली सुडी भिजली, तर विमा कंपनीला कळवण्याचेही कारण उरले नाही.

तरीही पाऊस मदतीच्या यादीत आहे. ऊन कुठे आहे? केंद्राच्या निकषांत पूर, गारपीट, ढगफुटी, अगदी हिमस्खलनही होते. थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. २०२१ ते २६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने ही यादी वाढवण्याची राज्यांची मागणी मानली नाही. दिल्लीत बसून थंडी जास्त वाजत असेल, एरवी विदर्भाच्या माणसाला हा क्रम सुचला नसता. मेडशीवरून पातूरचा घाट उतरला की अकोला. तिथे मे २०२० मध्ये पारा ४७ अंशांच्या वर गेला. मे २०२४ मध्ये तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी कलम १४४ लावले, शिकवण्यांच्या आणि मजुरांच्या कामाच्या वेळा बांधून दिल्या. आदेश योग्यच होता. पण ज्याची दुपारची मजुरी बुडाली त्याला काय, याचे उत्तर त्या कलमात नाही.

आपल्याकडे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर हळद शिजते. वर ऊन, समोर कुकरची वाफ, आणि तापलेली हळद उपसून पसरणारे हात बहुतेक बायाबापड्यांचे. घरी परतावे तर डोक्यावर टिनाचे पत्रे, रात्रीही न निवणारे. यातला कुणी चक्कर येऊन पडला आणि गेला, तर घरचे म्हणतात ‘अटॅक आला’, दवाखाना तेच लिहितो. शवविच्छेदन होत नाही, उष्माघाताची नोंद होत नाही. नोंदच नसल्यामुळे मग ऊन फारसे कुणाला मारत नाही असे अहवालात दिसते, आणि अहवालात दिसत नाही त्याला पैसा मिळत नाही. वीज पडून माणूस गेला तर राज्य वारसांना चार लाख देते, कारण विजेचा मृत्यू कागदावर येतो.

पर्जन्यमापक ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची ‘विंड्स’ योजना केंद्राने २०२३ मध्येच आखली आहे. आपल्या गावात ते यंत्र कधी बसणार, हे ग्रामसभेत विचारा आणि ठरावात लिहून घ्या. उन्हाचे काम मात्र ग्रामसभेपर्यंत थांबणारे नाही. घरचे कुणी उन्हात कोसळले तर आधी सावली, पाणी, ओले फडके आणि तातडीने दवाखाना. तिथे केसपेपरवर अंगातला ताप किती, माणूस कुठे कामावर होता आणि किती वाजता पडला, एवढे डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय उठू नका.