शिबिर संपले, पुढे काय?

सरपंच मंडळी, शेतकरी बंधूंनो, हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेची कॉलेजची पोरं सात दिवस गावात राहतात. गोण्या भरून वनराई बंधारा घालतात, हारतुरे घेऊन जातात. पुढच्या पावसात बंधारा वाहून जातो. तो दरवर्षी नव्याने घालावा लागतो, तेव्हा कोण येणार?

१९६९ पासूनच्या या योजनेत स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. हे तास गावाने हक्काने मागावेत. कॉलेजशी निदान पाच वर्षांचे काम ठरवा. विहिरींची पाणीपातळी दरमहा मोजायला लावा. जुन्या पोरांनी नव्यांना शिकवावे, चुकले तर तुम्ही कान धरावा. पोरं अशीच घडतात. येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्याच.