पदवीचा शिक्का आणि माणसाची ओळख

प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांत एक विचित्र चित्र दिसू लागते. नामांकित संस्थेत प्रवेश मिळालेला विद्यार्थी आपण सिद्ध झालो असे समजतो. थोडक्या गुणांनी तो हुकलेला विद्यार्थी आयुष्यभराचा पराभव पत्करून बसतो. वस्तुतः दोघांचीही चूक एकच आहे. काही तासांत सोडविलेल्या एका उत्तरपत्रिकेला दोघांनीही आपली ओळख ठरविण्याचा अधिकार देऊन टाकलेला असतो.

मोठ्या विद्यापीठाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. समृद्ध ग्रंथालय, व्यासंगी अध्यापक आणि तोलामोलाचे सहाध्यायी सर्वत्र लाभत नाहीत. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिरू दिले गेले नाही, त्यांना तर अशा संस्थेच्या नावाचा मोठाच आधार वाटतो. परंतु नावाच्या सामर्थ्यालाही मर्यादा असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले; पुढे लंडनमध्येही शिकले. तरीही १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाल्यावर जातीमुळे त्यांना राहावयास जागा मिळेना! विद्यापीठाची कीर्ती तेथे त्यांच्या कामी आली नाही. कामी आली ती विद्या. तिचा बिल्ला करून मिरविण्याऐवजी बाबासाहेबांनी ती महाडच्या लढ्यात आणि राज्यघटनेच्या रचनेत राबविली; १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू करून ती इतरांसाठी खुली केली. आज कोलंबिया विद्यापीठच या विद्यार्थ्याचे नाव अभिमानाने सांगते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. तेथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पदवीपत्रावर आज एका निरक्षर कवयित्रीचे नाव असते.

तेव्हा ‘कोठे शिकलास?’ या प्रश्नापाशीच माणसाची पारख संपविण्याची आपली सवय मोडली पाहिजे. निवड झालेल्यांची छायाचित्रे फलकावर लावणाऱ्या शिक्षकांनी आणि शेजाऱ्याच्या मुलाचा दाखला देणाऱ्या पालकांनी याचा प्रथम विचार करावा. विद्यापीठ माणसाला विद्या देऊ शकते; त्या विद्येचे काय केले, याचे उत्तर मात्र ज्याचे त्यालाच द्यावे लागते. खरी ओळख त्या उत्तरातच असते.