परदेशी नोकरी: दुबईच्या आधी वाशी

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी वडिलांना घेऊन घरी आला. बी.कॉम. झालाय. मोबाइलमध्ये एका एजंटचा मेसेज होता: दुबईत मार्केटिंगची नोकरी, व्हिजिट व्हिसावर लगेच निघायचे, कामाचा व्हिसा तिकडे गेल्यावर होईल, दीड लाख रुपये आगाऊ. वडिलांनी बावीस वर्षे कुवेतला गाडी चालवली आहे. ते म्हणाले, “मॅडम, मी गेलो तेव्हा माझ्याकडे फक्त हात होते. याच्याकडे डिग्री आहे. भरू का पैसे?”

मी सरळ नाही म्हटले. व्हिजिट व्हिसावर काम करणे तिथे बेकायदा आहे. पकडला गेला तर एजंट नाही, मुलगा अडकतो. दुसरे असे की, परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटची आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर कोणालाही तपासता येते. त्याला घेता येणारी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. मग हे दीड लाख कशाचे?

पण मला खरा प्रश्न मुलाला विचारायचा होता. “मार्केटिंग म्हणजे तू तिकडे काय करणार?”

“माल विकायचा, मॅडम.”

त्यांची हापूसची थोडी कलमे आहेत, म्हणून मी आंब्यावरच आले. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याला बंदी केली होती, ऐन हंगामात. आंबा गोड नव्हता म्हणून नव्हे, पेट्यांमध्ये फळमाशी सापडली म्हणून. पॅकहाऊसमधली तपासणी आणि प्रक्रिया सुधारली, तेव्हा जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली. अमेरिकेची अट वेगळी. तिथे २००७ मध्ये आपला आंबा पुन्हा जाऊ लागला, तो नाशिकजवळ लासलगावच्या केंद्रात विकिरण करून. आखाती देशांत डबाबंद माल पाठवायचा तर वेष्टनावर अरबी मजकूर हवा, तयार झाल्याची आणि मुदत संपण्याची तारीख हवी. फळ एकच, पण प्रत्येक दारावर वेगळे कुलूप. कोणत्या कुलपाला कोणती किल्ली, हे माहीत असणे म्हणजे आंतरराष्ट्रीय मार्केटिंगचे निम्मे काम.

उरलेले निम्मे हिशेबाचे. गिऱ्हाईक ‘एफओबी’ भाव मागतो की ‘सीआयएफ’? पहिल्यात माल बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आपला. दुसऱ्यात त्याच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमाही आपण भरायचा. हा फरक न समजता भाव सांगितला तर नफा समुद्रातच बुडाला. बी.कॉम.च्या पुस्तकात हे एका परिच्छेदात असते आणि मुले तो परीक्षेपुरता पाठ करतात.

आणि अमानत. कर्नाटकचा आंबा हापूसच्या पेटीत भरून विकणारे आपल्या ओळखीत कोणी नाही, असे छातीवर हात ठेवून किती जण म्हणतील? २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते नाव जपण्यासाठीच. नबी करीम (स.) यांनी हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामपर्यंत व्यापार केला आणि लोक त्यांना ‘अल-अमीन’ म्हणत. हे आपण सीरतच्या जलशात ऐकतो आणि सकाळी पेटी भरताना विसरतो.

भाषेचे म्हणाल तर आपली मुले अरबी वाचतात, समजत मात्र नाहीत. तरी सुरुवात शून्यापासून नाही: हिसाब, कीमत, तारीख, दुकान हे शब्द तिथलेच. फक्त जपून. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘पेप्सी’ची ‘बेबसी’ होते. आणि ‘गरीब’ म्हणजे तिकडे पैसा नसलेला नव्हे, परका माणूस. शिवाय दुबईत दहापैकी जवळजवळ नऊ जण बाहेरून आलेले. तिथला गिऱ्हाईक केरळचा, फिलिपिन्सचा, इजिप्तचा असेल. अरबीइतकेच स्वच्छ इंग्रजी लागेल.

मुलाला मी सांगितले: आधी वर्षभर वाशीच्या बाजारात एखाद्या निर्यातदाराकडे किंवा मालवाहतूक एजंटकडे काम कर. पगार कमी मिळेल. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग हाताखालून जाऊ दे. दिल्लीच्या आयआयएफटीसारख्या संस्थेत एमबीए जमले तर उत्तमच, पण फी मोठी आणि प्रवेश अवघड. दरम्यान पदवीचे प्रमाणपत्र साक्षांकित करून ठेव. यूएईसाठी आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास, असे तीन टप्पे आहेत आणि ते घाईत होत नाहीत. मुलींच्या अम्मींनीही हे वाचावे. निर्यातीच्या कागदपत्रांचे काम मुंबईच्या ऑफिसात बसून होते. त्यासाठी विमानात बसावेच लागते असे नाही.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पगार किती, हेच आम्ही विचारलं. खोलीचं भाडं कोण देणार, सुट्टी कधी, तिकीट कोणाचं, हे विचारलंच नाही. याला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हा चौदा महिन्यांचा होता. मला बघून रडला.”

मुलगा खाली बघत होता. चहा थंड झाला होता, मी दुसरा ठेवला.

निघताना त्याने माझ्यासमोरच एजंटला मेसेज केला: तुमचा नोंदणी क्रमांक आणि कंपनीचे ऑफर लेटर पाठवा. काल मी फोन करून विचारले. अजून उत्तर आलेले नाही. वाशीच्या एका ऑफिसातून मात्र त्याला सोमवारी बोलावले आहे.