समजून घ्या : तुमचा पासवर्ड वेबसाइट नेमका कसा साठवते?

शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की केजच्या ऑनलाइन सेवा केंद्रांत विद्यार्थ्यांची रांग लागते. खाते उघडायचे, पासवर्ड टाकायचा, 'नोंदणी यशस्वी' दिसले की पुढचा नंबर. त्या क्षणी डेटाबेसमध्ये एक नवी नोंद तयार होते. तिच्यात पासवर्ड जसाच्या तसा बसला की रूप बदलून, हा खरा प्रश्न.

पासवर्ड साठवायचाच नसतो. साठवायचा त्याचा 'हॅश'. ज्वारीचे पीठ होते, पिठाची ज्वारी होत नाही, तसे हे. लॉगिनच्या वेळी टाकलेला पासवर्ड पुन्हा दळून दोन्ही पिठे जुळतात का, एवढेच पाहतात. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळा यावा म्हणून प्रत्येकात वेगळी चिमूट टाकतात. तिचे नावच 'सॉल्ट'. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश फुटले. ते बिनमिठाचे असल्याने भराभर उलगडले.

जँगो, लारावेल, रेल्स या फ्रेमवर्कमध्ये ही सोय तयार मिळते. तरी चूक होते. जँगोत 'क्रिएट_युजर' वापरले तर हॅश होतो. नुसते 'क्रिएट' वापरले तर पासवर्ड उघडाच साठतो आणि नोंद मात्र बिनतक्रार तयार होते! म्हणून चाचणी हवी : खोटा वापरकर्ता तयार करा, नोंद वाचा, पासवर्ड तिथे दिसता कामा नये. बरोबर पासवर्डने लॉगिन व्हावे, चुकीच्या पासवर्डने नाही. काम दहा-बारा ओळींचे, पण घाईत तेच राहून जाते. फेसबुकचेही कोट्यवधी पासवर्ड आतल्या यंत्रणेत उघडे राहिले होते. आयर्लंडच्या नियामकाने २०२४ मध्ये ९.१ कोटी युरो दंड केला. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मात्र लॉगिनच दुसऱ्याच्या हाती गेले तर हॅशचा उपयोग नाही. यवतमाळ जिल्ह्यातील शेंदुरसनी या जेमतेम दीड हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीच्या आयडीवर २०२५ मध्ये तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्या. तिथे पासवर्डइतकीच, नोंद स्वीकारण्यापूर्वी आकडा शक्य आहे का हे तपासणाऱ्या अटीची गरज होती.

तुम्ही काय कराल? 'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक करा. नवा पासवर्ड ठेवण्याची लिंक आली तर ठीक. जुनाच पासवर्ड मेसेजमध्ये आला, तर त्या वेबसाइटकडे तो वाचता येईल अशा रूपात आहे. तोच पासवर्ड बँकेला किंवा ई-मेलला असेल, तर आजच बदला.